सरांची वही: हे पाठ कुणाच्या आजीचे, ओळखता येतील का?

सूरसागर

बडोद्याच्या मंडळींसाठी हा धागा. बाहेर गेलेल्यांनीही जरूर वाचा, कारण तुमच्याशिवाय हे काम होणार नाही.

आमचे सर मागच्या महिन्यात गेले. वय ९१. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. पण ज्यांनी १९८० नंतरच्या दहाएक वर्षांत विद्यापीठात संस्कृत घेतलं असेल त्यांना दोन ओळींत ओळख पटेल. दांडिया बाजारातून सायकलवर येणारे, खांद्याला खादीची झोळी, खिशात दोन पेन्सिली आणि त्या तासायला कागदात गुंडाळलेलं अर्धं पातं.

मला त्यांनी काय दिलं ते एका प्रसंगातून सांगतो. माझी आजी रोज आंघोळीनंतर सूर्याकडे तोंड करून आदित्यहृदय म्हणायची. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. आपल्या विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती (जुन्या पोथ्या एकमेकींशी ताडून ठरवलेली) काढली, १९६० ते १९७५, सात खंड. ती मी नुकती हाताळायला लागलो होतो. युद्धकांडात पाहिलं तर आदित्यहृदय मूळ संहितेत नाही, परिशिष्टात. घरी येऊन आजीला म्हटलं, "तू म्हणतेस ते वाल्मीकींचं नाहीच. मागाहून घुसवलंय." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून नुसती उभी राहिली आणि आत आली. तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं, जरा फुशारकीनेच. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. म्हणाले, "मूळ शोधणं हे आपलं काम. म्हणणाऱ्याला गप्प करणं हे कुणी सांगितलं तुला?" संध्याकाळी सायकल घेऊन घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि आजीला म्हणाले, "आजी, मला तुमचं आदित्यहृदय ऐकायचंय." आजीने विचारलं, "पण ते खोटं ना?" सर म्हणाले, "खोटं नाही. उशिरा आलेलं आहे. परिशिष्टात ठेवलंय, फेकलेलं नाही. एकेक अक्षर ताडून मग ठेवलंय. ते कागद तिशीत असताना मी या हातांनी लिहिलेत. आणि मी स्वतः दर रविवारी म्हणतो."

आजीने म्हटलं. 'तमोघ्नाय हिमघ्नाय' या ठिकाणी ती 'हेमघ्नाय' म्हणायची. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं तर सरांनी हाताने थांबवलं. झोळीतून वही काढली आणि पेन्सिलीने तो पाठ, म्हणजे तिच्या तोंडचा वेगळा शब्द, टिपून घेतला.

ती वही आता माझ्याकडे आहे. त्यांच्या मुलीने दिली. दीडशेच्या वर नोंदी आहेत, सगळ्या बडोद्यातल्या बायकांच्या तोंडून ऐकलेल्या. कुठे कोणता शब्द वेगळा म्हणतात ते. अडचण अशी की २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी त्यांच्या तळमजल्यात शिरलं, त्यात वही भिजली. पाठ पेन्सिलीने लिहिलेले, ते जसेच्या तसे आहेत. पण पत्ता आणि घराची खूण सर घरी आल्यावर शाईने लिहीत. ती सगळी फुटून निळा डाग झालाय.

म्हणून दोन गोष्टी. एक, सर तुम्हाला कसे आठवतात ते लिहा. दोन, खालचे पाठ कुणाच्या घरात म्हटले जायचे?

नोंद ७: पसायदान. 'दुरितांचें तिमिर जळो.'
नोंद ३१: पसायदान. 'परस्परें पडो.' इतर घरांत 'जडो'.
नोंद ५८: करुणाष्टक. 'अनुदिनि अनुतापें तापलें रामराया.'

कमाटीबाग

वाचून गलबललं. सर गेल्याचं माहीत नव्हतं.

त्यांचा तास घुमटाच्या इमारतीत असायचा. वास्तुकार चिझमने बांधलेला तो घुमट लोक खालून बघतात, आम्ही त्याच्याखाली बसून उकडून निघायचो. सर म्हणायचे, "बारीपाशी बसा रे, वारा येतो."

दूरदेशी

'बारी'! खिडकीला बारी म्हणणारं माणूस इथे मला बावीस वर्षांत भेटलं नाही. बडोद्याचं मराठी ऐकायला कान आसुसलेत. सरांना मी ओळखत नाही, मी कॉमर्सची. पण वाचतेय.

ताम्रपट

मी सरांचा विद्यार्थी नाही, पण हस्तलिखितांच्या खोलीत काही वर्षं कामाला होतो, त्यामुळे त्यांना रोज बघितलंय.

पेन्सिलीचं कारण सांगतो. पोथ्यांच्या टेबलाशी शाईचं पेन आणायची बंदी होती. एक थेंब पडला की तीनशे वर्षांचं पान गेलं. सरांच्या हाताला तीच सवय लागली होती. किराणा मालाची यादीसुद्धा पेन्सिलीने करायचे. आज त्यामुळेच वही वाचली.

पोथी सोडायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. लाल फडक्याची गाठ सोडायची, फडकं चारी बाजूंनी पसरायचं, आतला वेखंडाचा तुकडा बाजूला ठेवायचा, मग वरची लाकडी पाटी. पान उचलताना दोन्ही हात. वाचून झालं की पान डावीकडे उलटं ठेवायचं, म्हणजे क्रम मोडत नाही. एकदा त्यांनी मला एका पानावर पिवळा पट्टा दाखवला. पोथी उतरवणाऱ्या लेखकाचं चुकलं की तो त्या अक्षरांवर हरताळाचा लेप द्यायचा आणि वर नवं लिहायचा. "आपण म्हणतो ना, केल्या कामावर हरताळ फासला? तो हा." आयुष्यभर तो शब्द वापरत होतो, बघितला त्या दिवशी.

पोथीच्या शेवटी लेखक जो श्लोक लिहितात तो त्यांचा आवडता. तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्. तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप. त्यांच्याच वहीला पाण्याने गाठावं!

मांडवीवाला

पण नेली नाही पाण्याने. पेन्सिल टिकली.

शंकेखोर

मी सरांचा विद्यार्थी. प्रेम माझंही आहे, तरी एक गोष्ट तेव्हाही खटकायची आणि आजही खटकते. सकाळी वर्गात सांगायचं की हा भाग प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेला आहे, आणि रविवारी तोच भाग हात जोडून म्हणायचा. हे दोन दगडांवर पाय नव्हे का? मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. ते हसले आणि "तू शोध" म्हणाले. मला ते उत्तर वाटलं नाही. शिवाय ही आवृत्ती काढताना अख्खं उत्तरकांडच गाळलंय ना? मग लोकांनी काय धरायचं?

चिकित्सक

@शंकेखोर, आधी वस्तुस्थिती. उत्तरकांड गाळलेलं नाही. बडोद्याच्या आवृत्तीचा सातवा खंड म्हणजे उत्तरकांडच, संपादक उमाकांत शाह, १९७५. ते मागाहून जोडलं गेलं असं अनेक अभ्यासक मानतात, पण तो वेगळा मुद्दा. या आवृत्तीचं काम मर्यादित आहे. उपलब्ध पोथ्या जिथवर मागे नेतात तिथवर जायचं. पोथ्यांत ते कांड आहे, म्हणून आवृत्तीत आहे.

आता दोन दगडांचं. सरांनी आम्हाला याचं उत्तर एक अख्खा तास घेऊन दिलं होतं, आणि ते रामायणातून नव्हे, संत एकनाथांकडून. शके १५०६, म्हणजे १५८४. नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवल्या, पाठ शोधले आणि शुद्ध प्रत तयार केली. नाथ स्वतः लिहितात की ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतराने, म्हणजे पाठ बदलत गेल्याने, अबद्ध झाला. आणि शेवटी बजावतात: 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली.'

सरांनी त्या दिवशी झोळीतून खरोखरची नरोटी काढली. नारळाची करवंटी, शेंडी लागलेली. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ज्याला ताट अमृताचं आहे हे माहीत आहे तोच नरोटी उचलेल. ज्याला नाही, त्याला दोन्ही सारखीच." म्हणजे भक्ती होती म्हणून तर नाथांनी पाठ शोधले. ज्याचं त्या ग्रंथावर प्रेम नाही तो कशाला चार पोथ्या समोर मांडून डोळे फोडून घेईल? सरांच्या लेखी प्रत शुद्ध करणं ही पूजाच होती, आणि रविवारचं आदित्यहृदय हीसुद्धा.

शंकेखोर

उत्तरकांडाबद्दल चूक कबूल. नरोटीच्या तासाला मी नव्हतो. असतो तर बरं झालं असतं.

तरीही म्हणतो, आदित्यहृदय नाथांच्या हिशेबाने नरोटीच ठरतं ना? नंतर कुणीतरी घातलेली ओवी आणि नंतर कुणीतरी घातलेलं स्तोत्र, फरक काय?

सूरसागर

@शंकेखोर, हाच प्रश्न मी सरांना विचारला होता, आजीकडून परत जाताना, सायकल हातात धरून चालत. ते सूरसागर तलावाच्या कठड्याशी थांबले. म्हणाले, "म्हणून तर ताटातून काढून शेजारच्या वाटीत ठेवलं. वाटी ताटाबाहेर असते, पंगतीबाहेर नाही."

मला हे तेव्हा पटलं, आजही पटतं. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

रंगमहाल

मी वेगळं लिहिणार आहे. इथे सगळ्यांची श्रद्धा सरांनी वाढवली. माझी गेली, आणि तीही त्यांच्याच वर्गात.

बालकांडातली अहल्या शिकत होतो. लहानपणापासून ऐकलेलं की ती शिळा झाली आणि रामाच्या पायाने उठली. वाल्मीकींत तसं नाहीच. ती तिथे 'वातभक्षा निराहारा तप्यन्ती भस्मशायिनी' आहे, राखेत पडून तप करणारी, कुणाला न दिसणारी. पाय लावणं तर नाहीच, उलट राम-लक्ष्मण तिच्या पाया पडतात. तो श्लोक वाचला आणि मला रडू आलं. एवढ्या पिढ्यांनी बाईला दगड केलं होतं. त्यानंतर देवापुढे हात जोडायला मन घेईना.

परीक्षेनंतर सरांना स्पष्ट सांगितलं. घाबरतच, कारण घरी कळलं असतं तर ऐकून घ्यावं लागलं असतं. सर म्हणाले, "हात जोडू नकोस. वाचणं सोडू नकोस." एवढंच. नंतर कधी विषय काढला नाही, पण दर दिवाळीला विचारायचे, "काय वाचतेयस?"

आज मी देव मानत नाही. आणि आमच्या वाडीत दर एकादशीला सात बायका ज्ञानेश्वरी वाचतो, अर्थ मी सांगते. हे जमलं ते त्यांच्यामुळे.

कमाटीबाग

@रंगमहाल, सर श्रद्धा वाढवणारे नव्हतेच, असं आता तुमचं वाचून वाटतं. ज्याची जी होती ती त्यांनी खोटी राहू दिली नाही.

लष्करकर

ग्वाल्हेरहून. आमच्या इथेही असे एक सर होते, इतिहासाचे. त्यांनी मला मोडी शिकवली, जुन्या पत्रांवर. पहिलं पत्र वाचता आलं त्या रात्री झोप नाही लागली. बाकी तुमच्या धाग्यात मी पाहुणा. लिहीत राहा.

मांडवीवाला

पाहुणे कसले, बसा! सेव-उसळ मागवू का?

सरांचा एक विनोद सांगतो. पावसाळ्यात काला घोड्याच्या पुलावर मगरी बघायला गर्दी व्हायची. सर सायकल उभी करून आम्हा पोरांना म्हणाले, "मकर म्हणजे मगर. तुम्ही संक्रांतीला तिळगूळ खाता, ती ही. नीट ओळख करून घ्या."

दूरदेशी

@मांडवीवाला मगर ऐकून नातवंडं खूश झाली, त्यांना वाचून दाखवलं.

@सूरसागर, नोंद ५८ मध्ये 'तापलें' लिहिलंय ते टंकनाची चूक का? 'तापलों रामराया' आहे ना?

सूरसागर

चूक नाही. वहीत 'तापलें' असंच आहे, आणि खाली दोन रेघा. समासात आणखी दोन ओळी आहेत, त्या उद्या भिंगाने बघून लिहितो, तिथे पान सुरकुतलंय.

चिकित्सक

तोवर नोंद ३१ बद्दल. 'पडो' आणि 'जडो' यावर सर वर्गात मतदान घ्यायचे! बहुतेक हात 'जडो'ला. मैत्र जडतं, सरळ अर्थ लागतो. मग ते सांगायचे की लिहिणारा माणूस अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड करायला कुणी बसत नाही. दोन पाठ समोर आले की जो जरा अडखळायला लावतो तो जुना असण्याचा संभव जास्त. 'गाठ पडते', 'सवय पडते', तसं मैत्र पडतं, आपण न करता. त्यांचं मत 'पडो'कडे होतं. पण लगेच जोडायचे, "घरी आई 'जडो' म्हणत असेल तर पंगतीत उठून तिला शिकवू नका." आता कळतं, ते वाक्य @सूरसागर यांच्या आजीवरून आलं असणार.

विनोबाप्रेमी

थोडं विषयांतर. बडोदं आणि असे शिक्षक हा योग जुना आहे. अरविंद घोष इथल्याच कॉलेजात शिकवत होते, आणि १९०८ च्या सुरुवातीला योगी विष्णू भास्कर लेले यांच्याबरोबर तीन दिवस ध्यानाला बसले ते बडोद्यातच. विनोबा इथेच शिकले. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले, सुरतेला उतरून काशीला गेले. त्याआधी प्रमाणपत्रं चुलीत घातली होती, आईच्या समोर. त्याच आईला गीता संस्कृतातून कळत नव्हती, ती अडचण मनात राहिली आणि पुढे गीताई झाली. तुमच्या सरांची वही वाचून ती आई आठवली.

मांडवीवाला

सरांनी विनोबांची गोष्ट सांगताना आम्हाला वर दम दिला होता, "प्रमाणपत्रं जाळायची तर आधी मिळवा."

रंगमहाल

नोंद ७, 'तिमिर जळो'. आमच्या वाचनातल्या एक बाई, वय ८४, तसंच म्हणतात. सलाटवाड्यातलं सासर. त्यांना विचारलं, सायकलवाले कुणी आले होते का? म्हणाल्या, "आले होते. माझ्या सासूबाईंकडून पूर्ण ऐकून घेतलं आणि चहाला नाही म्हणाले." खूण पटते?

सूरसागर

पटते! सर चहा घेत नसत. नोंद ७ वर आता पेन्सिलीनेच 'सलाटवाडा' लिहितो. पहिली नोंद लागली. मनापासून आभार.

ताम्रपट

मीसुद्धा एक नोंद शोधून देईन. वहीची मूळ पानं मात्र उन्हात वाळवू नका. सावलीत, पानापानांत टिपकागद घालून. इस्त्री तर बिलकुल नको.

सूरसागर

@ताम्रपट, तसंच करतोय.

@दूरदेशी, नोंद ५८ भिंगाने वाचली. समासातल्या ओळी अशा:

'तापलों नव्हे, तापलें. म्हणणारी स्त्री आहे. वृत्त मालिनी, मोडत नाही. पाठ योग्य. बदलू नये.'

त्याखाली बारीक अक्षरांत: 'पहिल्यांदा हळू म्हटलं. पुन्हा म्हणा म्हटल्यावर मोठ्याने. दुसऱ्या कडव्याशी थांबतात.'

रंगमहाल

'म्हणणारी स्त्री आहे.' हे वाचून दहा मिनिटं नुसती बसले.

दूरदेशी

रात्रीचे अडीच वाजलेत इथे. मला लिहायलाच हवं.

ही माझी आजी आहे. वडिलांची आई. बाबाजीपुऱ्यात राहायची, दारात सोनचाफा होता. आजोबा लवकर गेले. ती संध्याकाळी दिवा लावला की करुणाष्टकं म्हणायची आणि 'तापलें' म्हणायची. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी तिला सगळ्यांसमोर टोकलं होतं, समर्थांचे शब्द बदलतेस, पाप लागेल. तेव्हापासून ती ती ओळ ओठांतल्या ओठांत म्हणायची. नंतर कधीतरी पुन्हा मोठ्याने म्हणायला लागली. मी सात-आठ वर्षांची असेन. आईला विचारलं होतं, आजी आता मोठ्याने का म्हणते? आई म्हणाली होती, "कॉलेजातले एक मास्तर येऊन गेले, ते म्हणाले बरोबर आहे."

ते मास्तर कोण, मला आज कळलं.

दुसऱ्या कडव्याशी ती थांबायचीच. डोळे पुसायची, वात सारखी करायची, मग पुढे.

सूरसागर

नोंदीशेजारचा निळा डाग पुन्हा बघितला. फुटलेल्या शाईत एक 'चा' दिसतो आणि नंतर अर्धा 'फ'. मी तो आडनावाचा तुकडा समजत होतो.

पानाचा फोटो तुम्हाला निरोपातून पाठवतो.

दूरदेशी

मिळाला. आई ८१ ची आहे, बडोद्यातच असते, तिला आता कमी दिसतं. तिकडे सकाळ झाली की फोनवर वाचून दाखवते. तिला पुढची कडवी पाठ आहेत. म्हणवून घेते आणि कुठे काही वेगळं म्हणाली तर तुम्हाला कळवते. वहीत जागा आहे ना?

सूरसागर

शेवटची अकरा पानं कोरी आहेत.